ब्रॉयलरला प्रीबायोटिक देताय? या चुका टाळा

प्रीबायोटिक म्हणजे औषध नव्हे. हे सांगून सांगून घसा बसायची वेळ आली, तरी फोन तेच येतात: "विष्ठा पातळ झालीय, कुठलं प्रीबायोटिक टाकू?"

प्रीबायोटिकच्या पाकिटावर एफओएस, इन्युलिन अशी नावं दिसतात, त्या कोंबडीला स्वतःला न पचणाऱ्या शर्करा असतात. आतड्याच्या शेवटाकडे ज्या दोन आंधळ्या पिशव्या असतात तिथे त्या पोचतात, चांगले जिवाणू त्यांच्यावर पोसतात आणि आम्लं तयार करतात. त्या आंबट जागेत साल्मोनेलासारख्या रोगजंतूला जम बसवणं जड जातं. एमओएस हे आणखी एक प्रीबायोटिक, ते यीस्टच्या पेशीभित्तीतून काढतात, त्याची रीत निराळी. ई. कोलायसारखे जंतू आतड्याला धरण्याऐवजी एमओएसला धरतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ही सगळी तयारी दुखणं येण्याआधीची. पिल्लाच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती पहिल्या आठवड्यातच बसू लागते, म्हणून द्यायचं तर प्री-स्टार्टरपासून, म्हणजे पिल्लांच्या अगदी पहिल्या खाद्यापासून, पहिल्या दिवसापासून. विसाव्या दिवशी धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही.

सिन्नरकडचा एक तरुण शेतकरी स्वतःचं खाद्य स्वतः बनवतो. ऐन पावसाळ्यात त्याचा फोन आला, "दादा, पावडर दुप्पट केली तरी गादी ओलीच." गादी म्हणजे शेडमध्ये पक्ष्यांखाली पसरलेला तुसाचा थर. शेडवर गेलो. निपल लाइनखालचं, म्हणजे पक्षी ज्यातून पाणी पितात त्या पाइपाखालचं तूस मुठीत दाबलं, मूठ उघडली तरी गोळा तसाच. दोन पावलं बाजूचं तूस दाबलं, तर ते भुसभुशीत सुटलं. म्हणजे ओल पोटातून कमी आणि पाइपातून जास्त येत होती. लाइन पक्ष्यांच्या पाठीच्या उंचीवर आली होती, दाबही जास्त. मान वाकवून पिताना निम्मं पाणी खाली सांडत होतं. त्यात एफओएस दुप्पट. ते प्रमाणाबाहेर गेलं की आतड्यात जास्त आंबतं, पाणी ओढतं आणि विष्ठा आणखी पातळ होते. वर कुणाच्या तरी सांगण्यावरून पाण्यात अँटिबायोटिक सुरू केलेलं. एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्या हाताने तणनाशक मारायचं, असा तो प्रकार.

लाइन वर घेतली, मान ताणून पिता येईल इतकी. दाब कमी केला, गोळे झालेलं तूस काढून कोरडं टाकलं, मात्रा पाकिटावरच्या प्रमाणावर आणली. पशुवैद्यकांनी दोन पक्षी उघडून पाहिले. आतड्याच्या आजाराची खूण नव्हती, त्यामुळे अँटिबायोटिकही त्यांनी थांबवायला सांगितलं. आठवड्याच्या आत गादी सुटी झाली, नवं पाकीट न आणता. कुणाच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक टाकायची सवय मला मुळीच पटत नाही. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर २०१९ पासून आपल्याकडे बंदी आहे, हे तरी निदान माहीत असावं.

त्याच शेडवर दुसरी गोष्ट दिसली: जमिनीवर फावड्याने मिसळलेलं खाद्य. टनभर खाद्याला १ किलो पावडर म्हणजे किलोला फक्त १ ग्रॅम. फावड्याने ते सारखं पसरणं शक्यच नाही, एका पक्ष्याला तिप्पट जातं आणि दुसऱ्याला काहीच नाही. मी आधी पावडर ५ किलो भरड्यात मिसळतो, ते ५० किलोत, आणि मगच मिक्सरमध्ये. याला वेळ लागतो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी तयार खाद्य घ्यावं, पाकिटावर पैसे घालवू नयेत.

पाण्यातून देत असाल तर संध्याकाळी लाइन धुवा, नाहीतर साखरेवर पाइपात चिकट थर धरतो. प्रोबायोटिक वेगळं, त्यात जिवंत जिवाणू असतात, ते क्लोरीनच्या पाण्यात मरतात. बुरशी आलेल्या मक्याला कुठलंही प्रीबायोटिक वाचवत नाही, तो मका टाकूनच द्या. कंपनीसोबत करारावर पक्षी वाढवत असाल तर खाद्यात आधीच काय आहे ते सुपरवायझरला विचारा, वरून आपलं काही ओतू नका.

आणि ब्रूडिंग, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत पिल्लांना ऊब देणं. पिल्लू थंडीने गोळा होऊन बसलं तर खाणारच नाही, मग खाद्यातलं प्रीबायोटिक आतड्यात जाणार कसं? सुरुवातीला गादीवर ३२-३३ अंश ठेवा. पिल्लं आल्यावर २४ तासांनी गळ्याखालची पिशवी बोटांनी हलकेच चाचपा. भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. कडक लागली तर पाणी कमी पडतंय, रिकामी लागली तर आधी उष्णता आणि खाद्याची भांडी बघा.

गुण येतो की नाही हे एका बॅचवरून ठरवू नका. जाळी लावून शेडचे दोन भाग करा, एकाच हॅचरीची पिल्लं, खाद्यही तेच, फक्त एका भागात प्रीबायोटिक. दर आठवड्याला दोन्हीकडचं वजन, खाद्य आणि मर वहीत लिहा. दोन-तीन बॅचमध्ये एफसीआर (एक किलो वजन वाढायला लागलेलं खाद्य) सुधारला तर चालू ठेवा, नाहीतर ते पैसे पहिल्या आठवड्याच्या ब्रूडिंगवर आणि कोरड्या तुसावर खर्च करा.