चिऱ्याची भिंत घालताना

आमच्या कोकणात चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, खाणीतून आला की लगेच बांधायला घेऊ नका. ताजा चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो. मी प्रत्येक चिरा हातोडीने वाजवून घेतो. खणखणला तर घराला. बद्द वाजला किंवा पोटात पांढऱ्या मातीचे गोळे दिसले तर कुंपणाला. लावण्याआधी भिजवा, नाहीतर कोरडा चिरा मालातलं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतलं, पाणी पिऊन टाकतो. सिमेंट-वाळू एकास सहा पुरते, सांधेमोड मात्र चुकवू नका, म्हणजे वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते, पण तिच्यातल्या मिठाने सळ्या गंजतात. पश्चिमेला पाऊस आडवा येतो; तिथे छप्पर दोन फूट तरी पुढे काढा. बांधकामावर पाणी किमान सात दिवस, मालकाला कितीही घाई असो.