जागलीच्या रात्री ऐकायच्या ब्रिटिश भुताच्या गोष्टी

हरभरा घाट्यावर आला की आमच्या दारव्ह्याकडे रोही आणि रानडुकरं वावरात उतरतात. मग जागल आलीच. ओलिताची लाईनही बहुतेक रात्रीचीच असते. मचाणावर घोंगडं पांघरून बसल्या बसल्या मी सहा हिवाळे ब्रिटिश भुताच्या गोष्टी ऐकतो आहे. इंग्लंडातही या गोष्टींचा हंगाम हाच. ख्रिसमसच्या सुमारास विस्तवाजवळ बसून त्या मोठ्यानं वाचायची तिथली जुनी रीत आहे. म्हणून पुस्तकाआधी कानानं सुरुवात करा, आणि थंडीतच करा.

मी मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे इंग्रजीची धास्ती मला ठाऊक आहे. ‘लिब्रिवॉक्स’वर जुनी पुस्तकं वाचून दाखवलेली फुकट मिळतात, आणि त्यांचा मजकूर ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर. गावात रेंज आहे तोवर दोन्ही उतरवून घ्या. दुपारी मजकूर वाचा, अडलेल्या शब्दांचे अर्थ पाहा. रात्री वेग थोडा कमी करून ऐका. इअरफोन मात्र एकाच कानात. दुसरा कान पिकाकडे.

पहिली गोष्ट चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’, १८६६ सालची. पाऊण तासाच्या आत संपते. डोंगर कापून केलेल्या खोल, ओलसर घळीत रेल्वेचा एक सिग्नलवाला एकटा राहतो. बोगद्याच्या तोंडाशी लाल दिवा. वरून एक माणूस त्याला हाक मारतो, तर तो वर बघायचं सोडून मागे वळून रुळांच्या दिशेनं बघतो. इथे ऐकणं थांबवा आणि मिनिटभर बसून राहा. त्यानं तिकडे का पाहिलं असेल, हे तुमचं तुम्हाला सुचू द्या.

ही गोष्ट मला जवळची वाटण्याचं कारण घरातलं आहे. माझे आजोबा शकुंतला या आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या लायनीवर गँगमन होते. रूळ उखडला असेल तर लाल झेंडी किती लांब धरायची, हा त्यांचा रोजचा विषय. ९ जून १८६५ ला डिकन्स ज्या गाडीत होता, ती केंटमधल्या स्टेपलहर्स्टजवळ पुलावरून घसरली. दुरुस्तीसाठी रूळ काढलेले होते. मुकादमानं गाडीची वेळ चुकीची वाचली, आणि झेंडीवाला नियमाच्या १००० यार्डांऐवजी साधारण साडेपाचशे यार्डांवरच उभा होता. दहा माणसं गेली. डिकन्सनं स्वतः खाली उतरून जखमींना पाणी पाजलं. पुढच्याच वर्षी त्यानं ही कथा लिहिली, आणि बरोबर पाच वर्षांनी, ९ जूनलाच, तो वारला. हे कळल्यावर गोष्ट पुन्हा ऐका. धोका दिसतोय पण गाडी थांबवता येत नाही, ही त्या सिग्नलवाल्याची तगमग दुसऱ्या वेळी जास्त लागते.

त्यानंतर एम. आर. जेम्स. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात हा विद्वान माणूस मित्रांना जमवून, मेणबत्तीच्या उजेडात आपल्या कथा वाचून दाखवायचा. पहिला संग्रह १९०४ चा. सुरुवात ‘ओह, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड’ या कथेपासून करा. आपला मुंजा पिंपळावर असतो, चकवा ठरावीक धुऱ्यावर. कुठून जायचं नाही हे पोरालाही माहीत असतं. जेम्सचं भूत वस्तूतून येतं. इथे समुद्रकाठच्या पडक्या अवशेषांत सापडलेली शिट्टी आहे. पहिली काही पानं संथ वाटतील, ती गाळू नका. शांत दिवसात पहिली बारीकशी खोट कुठे येते, तेवढं हेरा. माझ्या मते जेम्सची खरी गोडी तीच.

पडद्यावरचं रूप कथा वाचून झाल्यावरच बघा. याच कथेवर जोनाथन मिलरनं १९६८ मध्ये बीबीसीसाठी कृष्णधवल चित्रपट केला. कथेतला प्राध्यापक तरुण आहे, तर चित्रपटात मायकेल हॉर्डर्न वयस्क, स्वतःशीच पुटपुटणारा. भीतीची जातच बदलते. ‘द सिग्नलमन’चं १९७६ चं बीबीसी रूपांतर सिग्नलवाला झालेल्या डेनहोम एलियटसाठी बघाच. मोबाइलवर बघायचं तर दिवा बंद करून, एकट्यानं.

‘अ पॉडकास्ट टू द क्युरियस’ या पॉडकास्टमध्ये दोघं जण जेम्सची एकेक कथा उलगडतात. त्यात शेवटही सांगून टाकतात, म्हणून हे सगळ्यात शेवटी.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ‘द मंकीज पॉ’ (१९०२) ऐकून झाली की ती आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगा. हिंदुस्थानातल्या फकिरानं मंतरलेला माकडाचा पंजा, तीन इच्छा, दोनशे पौंड. आमच्या शेकोटीवर ती कोणालाही परकी वाटली नाही. दारावर थाप पडते तिथे आवाज चढवू नका. जेकब्सनं ती पहिली थाप जेमतेम ऐकू येईल अशी लिहिली आहे. जवळच्या लाकडावर बोटानं हलकेच टकटक करा आणि गप्प बसा. माझ्या पुतणीनं विचारलं, “काका, दारात कोण होतं?” जेकब्सनं ते दाखवलेलं नाही. मीही सांगितलं नाही, शेकोटीत एक तुराटी सारली.