डाइव्हिंगमधला खोली-वेळेचा तोंडी हिशेब: या चुका टाळा

डाइव्ह संपली की मी सोबतच्यांना एवढंच विचारतो: किती खोल गेलात, किती वेळ होतात? उत्तर देण्याआधी नजर मनगटाकडे गेली की समजायचं, खाली हिशेब फक्त मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) ठेवत होता. कॉम्प्युटरला माझा विरोध नाही. प्रत्येकाच्या हातावर स्वतःचा असायलाच हवा. पण तो काही अनपेक्षित दाखवायला लागला तर विश्वास कुणावर ठेवायचा हे ठरवायला डोक्यात स्वतःचा एक आकडा लागतो. आणि तो आकडा चुकीच्या रीतीनं काढलेला असेल, तर नसलेलाच बरा.

दोन आकडे मिळवायचे आणि दोननं भागायचं

ही चूक सर्वांत जास्त दिसते आणि माझं डोकं सर्वांत जास्त फिरवते. सरासरी खोली काढताना प्रत्येक खोलीवर किती मिनिटं काढली हे धरावंच लागतं. पण 'दहावर होतो, मग अठ्ठावीसवर होतो, म्हणजे सरासरी एकोणीस' असं म्हणून मोकळे होणारे पुष्कळ.

अशाच एका पठ्ठ्याबरोबर मी एकदा खाली होतो. पहिली सहा मिनिटं आम्ही दहा मीटरवर होतो. मग त्याला उतारावर खाली काहीतरी दिसलं आणि पुढची चोवीस मिनिटं 28 मीटरवर गेली. मी दोनदा वर चलण्याची खूण केली, त्यानं दोन्ही वेळा 'ओके' दाखवलं. वर येताना त्याचा कॉम्प्युटर लुकलुकायला लागला: 3 मीटरवर सक्तीचा डिकॉम्प्रेशन स्टॉप, म्हणजे दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायचा थांबा. त्यानं माझ्यासमोर कॉम्प्युटरवर टिचकी मारली, बोट हलवून 'हा बिघडलाय' असं दाखवलं आणि अंगठा वर केला, म्हणजे 'वर चल'. मी त्याच्या बीसीडीचा (हवा भरता येणाऱ्या जॅकेटचा) पट्टा धरून ठेवला. त्याचं गेज, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारं मापक, पन्नास बारच्या खाली गेलं होतं, म्हणून माझा ऑक्टोपस (श्वास घ्यायचा जादा तोंडपट्टा) त्याच्या तोंडात दिला आणि कॉम्प्युटरवरची स्टॉपची सूचना जाईपर्यंत त्याला तिथून हलू दिलं नाही. सगळा वेळ तो माझ्याकडे रागानं बघत होता.

बोटीवर त्यानं हिशेब मांडला. सरासरी 19, म्हणजे टेबलमधला (कोणत्या खोलीवर सक्तीच्या स्टॉपशिवाय किती मिनिटं चालतात त्या तक्त्यातला) 20 मीटरचा रकाना, तिथे 45 मिनिटं चालतात, आपली झाली फक्त तीस. आता खरा हिशेब बघा. सहा गुणिले दहा म्हणजे 60, चोवीस गुणिले अठ्ठावीस म्हणजे 672. एकूण 732 भागिले तीस, 24.4 मीटर. त्याच टेबलमध्ये 25 मीटरला 29 मिनिटं आहेत. मुळात टेबल सरासरीवर वाचायचंच नसतं. ते सर्वांत जास्त खोलीवर वाचायचं, आणि आकडा मधला असेल तर पुढच्या खोल रकान्यात जायचं. अठ्ठावीसला 30 चा रकाना, म्हणजे वीस मिनिटं. कॉम्प्युटर अगदी शहाणा होता.

सरासरी आणखी एक गोष्ट लपवते: क्रम. आधी अठ्ठावीसवर आणि मग दहावर गेलात, किंवा आधी दहावर आणि मग अठ्ठावीसवर, सरासरी तीच येते. शरीरातल्या नायट्रोजनचा हिशेब मात्र वेगळा होतो. शास्त्रज्ञ हाल्डेननं 1908 मध्येच शरीराचे पाच काल्पनिक भाग धरले होते. त्यातला सर्वांत चपळ भाग दर पाच मिनिटांनी आतल्या आणि बाहेरच्या नायट्रोजनच्या दाबातला उरलेला फरक निम्मा करतो, सर्वांत सुस्त भागाला त्यासाठी 75 मिनिटं लागतात. खोल भाग आधी उरकलात तर वरच्या दहा मीटरवर फिरताना चपळ भाग रिकामे व्हायला लागतात. खोल भाग शेवटी ठेवलात तर ते काठोकाठ भरलेले असताना तुम्ही वर निघता. म्हणून सरासरी मी फक्त हवेच्या अंदाजासाठी वापरतो, किती वेळ थांबायचं ते ठरवायला नाही.

घड्याळ तळाशी पोचल्यावर सुरू करणं

टेबलचा बॉटम टाइम, म्हणजे टेबलमध्ये मोजायची मिनिटं, पृष्ठभाग सोडला त्या क्षणी सुरू होतो आणि थेट वर निघाल्यावर संपतो. कानांशी झगडत पाच मिनिटं उतरलात, तर 30 मीटरच्या वीस मिनिटांतली पाच तिथेच खर्च झाली.

एकशेवीसचा नियम

फुटांतली खोली अधिक मिनिटं, बेरीज 120 च्या आत ठेवा, की झालं! हा नियम हवेतून आलेला नाही. जुन्या अमेरिकन नौदलाच्या टेबलमध्ये 60 फुटांना 60 मिनिटं, 70 ला 50, 80 ला 40, 90 ला 30 होती. बेरीज बरोबर 120. पण ते टेबल नौदलाच्या तगड्या डायव्हरांसाठी होतं. हौशी डायव्हर वापरतात त्या पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलमध्ये 80 फुटांना 30 मिनिटंच आहेत. म्हणजे पाठ केलेला नियम तिथे तुम्हाला दहा मिनिटं जास्त देतो. त्यातून तो दिवसातल्या पहिल्याच डाइव्हला आणि साध्या हवेवर लागू होतो, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. हाच नियम मीटरमध्ये लावून 24 मीटरला 96 मिनिटं काढणारेही असतात. टेबलच्या चार ओळी पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, पण तेवढा धीर नसतो.

आधी गेज, मग अंदाज

उलटं करा. मी दर पाच मिनिटांनी आधी मनात आकडा म्हणतो, मगच गेज बघतो. बारा लिटरचा सिलिंडर आणि पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा धरली, तर 10 मीटरवर दाब दुप्पट, म्हणून पाच मिनिटांत 200 लिटर, साधारण 17 बार. वीस मीटरवर 25 बार, तीसवर 33. एवढे तीन आकडे स्लेटवर लिहून ठेवतो, कारण 30 मीटरच्या आसपास नायट्रोजनची झिंग चढायला लागली की पाढेही अडखळतात. सतराच्या जागी तीस बार गेलेले दिसले, तर कुठून तरी गळतंय, मी धापा टाकतोय किंवा वाटतं त्यापेक्षा खोल आहे. तिन्हींचं उत्तर थांबणं.

स्वतःचा वीसचा आकडा कुणाकडून उसना घेऊ नका. ठरावीक खोलीवर दहा मिनिटं संथ पोहा आणि मोजा.

'पन्नास बारला वर'

सिलिंडरमध्ये पन्नास बार उरले की वर निघायचं, हा नियम उथळ पाण्यात ठीक. तीस मीटरवर बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा संपली तर दोघं एका सिलिंडरवर असता, आणि घाबरलेला माणूस मिनिटाला तीस लिटर सहज ओढतो. म्हणजे दोघांचे साठ. तळाशी, चौपट दाबावर, सावरायला एक मिनिट: 240 लिटर. मिनिटाला 9 मीटरच्या वेगानं वर यायला साडेतीन मिनिटांच्या आत, चार धरा, सरासरी अडीच बार दाबावर: 600. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप: 270. बेरीज 1110 लिटर, बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये 93 बार. हा आकडा पाण्यात उतरण्याआधी काढलेला असावा. तिथे पोचल्यावर काढत बसायला वेळ नसतो.

बाकीच्या, थोडक्यात

वर येताना एका मीटरला सात सेकंद मोजा. 'हळूच येतोय' हे वाटणं हमखास खोटं असतं.

दुसऱ्या डाइव्हला मित्राचा कॉम्प्युटर घालू नका. त्याला तुमच्या पहिल्या डाइव्हचा नायट्रोजन माहीत नाही.

उजेडावरून खोली ओळखू नका. स्वच्छ पाण्यात पंचवीस मीटरही दहासारखे वाटतात.

भाड्यानं घेतलेलं गेज खोली फुटांत दाखवतं की मीटरमध्ये, हे बोटीवरच बघा.