ऑर्डर घेण्याआधीचा कागद: चित्रकार, छायाचित्रकार आणि हस्तकलाकारांसाठी

काम ठरतं ते बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर. ‘किती घ्याल?’ ‘बारा हजार.’ ‘चालेल.’ एवढ्यावर चित्र सुरू होतं. पण ठरली ती फक्त रक्कम. चित्र कुठे कुठे छापणार, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी, यातलं काहीच ठरलेलं नसतं आणि वाद नेमका तिथेच होतो. म्हणून दुकानाच्या पाटीआधी कोटेशन, म्हणजे दर आणि अटींचा कागद, नीट करा.

आधी दोन नोंदी उरकून घ्या

एकट्याने काम करत असाल तर कंपनी काढायची गरज नाही. एकल मालकी पुरते. सरकारी उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. ती फुकट आहे. पैसे मागणारी साइट एजंटाची समजा. महाराष्ट्रात लहान आस्थापनेला ‘शॉप ॲक्ट’खाली (दुकाने आणि आस्थापना कायदा) परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची असते. व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडताना बँक बहुधा हेच दोन कागद मागते. वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर असतो, तो मात्र बरेच जण विसरतात आणि पुढे व्याजासकट भरतात.

कोटेशनमध्ये काय लिहायचं

स्टॅम्प पेपरच हवा असं नाही. ईमेलवर पाठवलेलं कोटेशन आणि त्यावर आलेलं ‘मान्य आहे’ हे उत्तरही करार ठरू शकतं. त्यात एवढं हवंच:

- कामाचं माप, माध्यम, नग आणि देण्याची तारीख.
- कच्च्या आराखड्यावर दोन दुरुस्त्या. तिसरीपासून प्रत्येकीचा दर. रंग चढल्यावर बदल नाही.
- ५० टक्के आगाऊ, २५ आराखडा मंजूर झाल्यावर, २५ माल हातात देण्याआधी. शेवटचा हप्ता ‘काम झाल्यावर’ असं लिहू नका; काम झालं की नाही हे मग गिऱ्हाईक ठरवतं.
- मध्येच काम रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत नाही.
- वापर कशासाठी, किती काळ, कुठे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात महाग.

हक्क कोणाचा?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र कागदावर उतरलं की हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. कॅनव्हास विकला म्हणजे हक्क विकला असं होत नाही. घेणारा तो भिंतीवर लावू शकतो, त्याची दिनदर्शिका छापू शकत नाही.

पण कलम १७ मध्ये एक खोच आहे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेलं छायाचित्र, चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं. शिल्पाचा त्या यादीत उल्लेख नाही. उपाय एका ओळीचा: ‘या कामाचा कॉपीराइट कलाकाराकडेच राहील, ग्राहकाला ते फक्त पत्रिकेवर, ५०० प्रतींपर्यंत वापरण्याची परवानगी आहे.’ ही ओळ काम सुरू होण्याआधी मान्य करून घ्या.

हक्क खरंच विकायचा असेल तर लेखी आणि सहीनिशीच. तोंडी हस्तांतर चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापील पत्र पुढे आलं की निदान किंमत तरी तशी मागा.

आणि हक्क विकल्यावरही नाव राहतं. कलम ५७ नुसार कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार उरतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश सरकारला दिला.

पन्नासच्या पुढचा सापळा

कप, साडी, चादर यांवर एकच नक्षी काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. ‘डिझाइन’ म्हणून नोंदवता येण्याजोगी पण न नोंदवलेली नक्षी औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा वस्तूवर उतरली की तिचा कॉपीराइट संपतो. त्याआधी डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करावी. व्यक्तीसाठी अर्जाचं शुल्क १,००० रुपये आणि संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात. मात्र नक्षी आधी इन्स्टाग्रामवर टाकली तर तिचं नावीन्यच जातं. आधी अर्ज, मग पोस्ट.

दुसऱ्याचं नाव

वारली चित्रं, पैठणी, कोल्हापुरी चप्पल यांना भौगोलिक निर्देशांक (जीआय) आहे, म्हणजे ते नाव ठराविक भागात, ठराविक पद्धतीने केलेल्या मालालाच लावता येतं. पॉवरलूमवरच्या साडीला ‘पैठणी’ म्हणून विकणं अंगाशी येऊ शकतं.

बिल आणि अडकलेले पैसे

जीएसटीची मर्यादा महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला ४० लाख, सेवा देणाऱ्याला २० लाख वार्षिक उलाढाल. वस्तू परराज्यात गेली की साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना मात्र २० लाखांपर्यंत सूट आहे. ऑनलाइन बाजारपेठांचे नियम वेगळे, तिथे खातं उघडण्याआधी करसल्लागाराला विचारा. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं ही नेहमीची आणि बेकायदा चूक.

उद्यम नोंदणीचा खरा उपयोग इथे होतो. लेखी मुदत ठरली असेल तर खरेदीदाराने त्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत पैसे द्यायचे; ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर करता येते. नोंदणी माल देण्याआधीची असावी, नंतर धावपळ करून काढलेला क्रमांक बहुधा कामी येत नाही. तक्रारीला तीन गोष्टी जोडा: मान्य झालेलं कोटेशन, माल पोहोचल्याची सही, बिल. दुसरी नसेल तर ‘माल मिळालाच नाही’ हे उत्तर ठरलेलं, तेव्हा देताना माल दिल्याच्या चलनावर तारखेसह सही घ्या आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.