जपानी अनुदान खानापूर, निपाणीपर्यंत आणायचं तर

भारत-जपान राजनैतिक संबंध १९५२ पासूनचे. तळागाळातल्या प्रकल्पांसाठीच्या जपानी अनुदानाला कर्नाटकातल्या संस्थांनी बेंगळुरूच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करायचा.

आधी एफसीआरए (परकीय देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खालची नोंदणी बघा. त्यासाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी हवी आणि त्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. परकीय पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो; थेट बेळगावच्या खात्यावर मागवलात तर गाडी अडलीच.

मागणी इमारतीची किंवा यंत्रांची करा. पगार, औषधं, डिझेल यात बसत नाही. म्हणूनच अ‍ॅम्ब्युलन्स मागताना ड्रायव्हरचा पगार कुठून निघणार ते आकड्यांत लिहा. नुसतं ‘लोकवर्गणीतून’ पुरत नाही. कोटेशनं ३ घ्या. जागेचा उतारा कन्नडमध्ये असतो, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा.