बेंगळुरूची जुनी गाडी कोल्हापुरात आणताना

विक्रेत्याचे कर्ज केव्हाच फिटलेले होते, मात्र आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) तसाच दिसत होता, आणि तो उतरल्याखेरीज परराज्यात गाडी नेण्यासाठीचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळणे अवघड होते. म्हणून बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ सादर करून आधी बोजा उतरवून घेतला, मगच ना-हरकत प्रमाणपत्रासाठीचा फॉर्म २८ भरला. प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम न देणे मला फार महत्त्वाचे वाटते. विक्रेत्याचा फास्टॅग काढून माझ्या नावावर या गाडीसाठी घेतलेला नवा लावला.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर चित्रदुर्गाच्या अलीकडे तापमानाचा काटा चढू लागला. इंजिन पुरते थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडले नाही. वरच्या होजपाइपच्या क्लिपखाली कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) वाळलेला हिरवट थर दिसला. स्क्रू ड्रायव्हरने क्लिप आवळली, कूलंट भरले आणि काटा मध्यावर स्थिरावला.

घरी पोहोचताच महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून एमएच क्रमांकासाठी अर्ज केला. कायद्याने नव्या क्रमांकासाठी १२ महिन्यांची मुदत असली, तरी कर्नाटकातील उर्वरित कराचा परतावा नव्या नोंदणीचा पुरावा दिल्यावरच मागता येतो, त्यामुळे हे काम मी लगेच हाती घेतले.