हौशी संगीत नाटकात पहिल्यांदा पद गाताना

आमच्या गावच्या जत्रेत मंडळाने ‘संगीत सौभद्र’ बसवले तेव्हा रुक्मिणीची भूमिका माझ्याकडे आली होती. देवळामागच्या सभागृहात रोज रात्री नऊनंतर चाललेल्या त्या तालमींनी मला जे शिकवले, ते नव्याने उभे राहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहिते आहे.

सर्वप्रथम पदांची निवड करावी. अण्णासाहेब किर्लोस्करांचे हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आले आणि त्याच्या मूळ संहितेत शंभराहून अधिक पदे आहेत. तेवढी सगळी गाण्याचा हट्ट धरला तर पहाट होते आणि नवख्यांचे गळेही बसतात. कथा पुढे नेणारी आणि आपल्या गळ्याला झेपणारी पदे ठेवावीत, उरलेल्यांपैकी काहींचा फक्त मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, घ्यावा.

त्यानंतर स्वर ठरवावा, आणि माझ्या मते खरी मेहनत येथेच आहे. आमचा कृष्ण काळी एकमध्ये, म्हणजे ऑर्गनची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, गात असे आणि मी काळी चारमध्ये, त्यामुळे एकाच प्रवेशात ऑर्गनवादकांना स्वर बदलावा लागे. माझ्या पदाआधीच्या शेवटच्या वाक्यातील ज्या शब्दावर त्यांनी षड्ज, म्हणजे माझा ‘सा’, द्यायचा, त्या शब्दाखाली आम्ही दोघांनीही आपापल्या वहीत लाल रेघ मारली होती. तो स्वर कानावर पडताच उरलेले वाक्य हळूहळू त्याच्या जवळ आणत बोलावे, म्हणजे बोलण्यातून गाणे आपसूक उमलते. बोलणे थांबवून, घसा खाकरून, समोर पाहून गायला सुरुवात केली की रुक्मिणी नाहीशी होते आणि उरते ती केवळ गाणारी बाई. रुसवा वाक्यात असेल तर तो पहिल्या आलापातही राहिला पाहिजे, मग तान एखादी कमी झाली तरी चालेल.

शेवटच्या चार तालमी तरी दागिने, शालू आणि मुकुट घालूनच कराव्यात. रंगीत तालमीला माझा मुकुट कानांवर उतरला आणि ऑर्गन ऐकूच येईना. आमच्या रंगभूषाकारांनी आतून कापडाची चुंबळ शिवून तो दोन बोटे वर उचलला, तेव्हा कुठे सूर पुन्हा कानी आला.

‘वन्स मोअर’ मिळाल्यास काय करायचे, हेही तबलावादकांशी आधीच ठरवावे. आम्ही फक्त शेवटचा अंतरा पुन्हा घ्यायचा असे ठरवले होते. प्रयोगाच्या रात्री मागच्या रांगेतून ती हाक आली, तेव्हा तबलावादकांनी मान हलवून मला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवली आणि कृष्णही पुन्हा आपल्या जागी जाऊन, मी रुसलेलीच आहे अशा नजरेने पाहत उभा राहिला.